लाल रेघेपर्यंत पाणी

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. खिडक्या उघडल्या, दूध तापत ठेवलं आणि ते उतू गेलं. मी ओट्याशीच उभी होते, पण तिथे नव्हते. अजून तुमच्या जेवणाच्या टेबलाशीच होते. दादाने ग्लास तोंडाला लावलाय आणि तू तो त्याच्या हातातून काढून घेतेस. उरलेलं पाणी सिंकमध्ये ओततेस, हात पुसतेस आणि मला विचारतेस, "तुला भाजी वाढू?"

मला भाजी नको होती गं. तोंडातला घास तोंडातच फिरत होता. तहानलेल्या माणसाच्या हातून पाणी काढून घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही तुझ्या हातांनी.

त्याच्या किडन्या काम करत नाहीत हे मला ठाऊक आहे. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं, प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, सगळं तू समजावलंयस. हृदय अधू, म्हणून दुसऱ्याची किडनीही बसवता येत नाही, नाहीतर माझी मी केव्हाच दिली असती. पण आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस आहे तो! पोरांकडून जगातल्या नद्या उगमापासून मुखापर्यंत पाठ करून घेतल्या, आणि आता सकाळी भरलेल्या एका काचेच्या बाटलीवर त्याने दिवस काढायचा? वर तू बाटलीवर लाल नेलपॉलिशची रेघ मारून ठेवलीस. रेघेपर्यंत पाणी. चहा त्यातलाच, गोळ्यांचा घोटही त्यातलाच. दुपारीच बाटली संपली, तेव्हा त्याने ती उलटी करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर डोळा मारून म्हणाला, "वाळवंटाचा धडा चालू आहे, मुंगे."

म्हणून सांगून टाकते. निघायच्या दिवशी तू गाडी शिकवायला गेलीस आणि मी बाजारात जाऊन संत्री आणली. पिळली, मोठा ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला. डोळे मिटून प्यायला. लहानपणी ताप उतरल्यावर जसा दिसायचा तसा दिसला. आता तू चिडशील. चीड. पण एका ग्लासभर रसाने आभाळ कोसळत नाही.

आता कामाचं. आमचा मुलांसाठीचा इंग्रजी-मराठी कोश आता 'स्ट्रिक्ट' या विशेषणापाशी आलाय. आमच्या संपादक सरांचा हट्ट तुला माहीत आहे. प्रत्येक अर्थाला आधी मराठी वाक्य हवं, आणि तेही कुणीतरी खरंच बोललेलं. इंग्रजी वाक्य नंतर दुसऱ्या टेबलावर तयार होतं. सर म्हणतात, बसून रचलेलं वाक्य प्लॅस्टिकच्या फुलासारखं असतं, रंग सगळे, पण माशी बसत नाही. पहिला अर्थ मी लिहिला, 'ज्याला सूट नाही असा (नियम)', आणि पुढे वाक्य ठेवलं, "रेघेपर्यंत म्हणजे रेघेपर्यंत." तूच म्हणाली होतीस, परवा, दादाला.

बाकीच्या अर्थांसाठी तू वाक्यं पाठव. तुझ्याइतकी स्ट्रिक्ट बाई माझ्या ओळखीत दुसरी नाही. शिकणारे तुला उगीच 'ब्रेकबाई' म्हणत नाहीत.

रागावलेली, तरी तुझीच,
मुंगी


९ फेब्रुवारी

वन्संबाई,

अशी हाक मारली की मी किती चिडलेय ते तुला कळतं, म्हणून हीच मारते.

संत्र्याचा रस! तुझं पत्र हातात घेऊन मी जिन्यातच खाली बसले. पाच दिवस मी डोकं आपटत होते की झालं कशाने, आणि उत्तर तू पाकिटात घालून पाठवलंस. वर 'चीड' म्हणून परवानगीही दिलीस.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा दादा उठायला गेला आणि पाय अंगाखाली मुडपले. "पाय लोण्याचे झालेत गं," म्हणून हसत होता. मग हसायचा थांबला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आत कबुतर फडफडतंय." मी त्याला शिकवणीच्या गाडीत घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा लाल सिग्नल तोडला. टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, आत ब्रेकबाई. चौकात कुणीतरी ओरडलंसुद्धा, "बाई, आधी तुम्ही शिका!"

संत्र्यात पोटॅशियम असतं. तुझी-माझी किडनी ते बाहेर टाकते. त्याची टाकत नाही, मग ते सरळ हृदयाचा ठोका बिघडवतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलंच असतं. त्यांनी विचारलं, "काय खाल्लं-प्यायलं होतं यांनी?" मी छातीठोकपणे सांगितलं, "काहीच नाही. सगळं माझ्या हातून जातं." त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसं आपण खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघतो. तो छातीला वायरी लावून पडला होता, सगळं ऐकत होता. तोंडातून चकार शब्द काढला नाही. तुला वाचवत होता.

आभाळ कोसळत नाही म्हणतेस? ते आमच्या फरशीवर पडलं होतं, आणि उचलायला मी एकटी होते.

माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा माझ्या. मी दाबला की शिकणाऱ्याला अपमान वाटतो. त्याला समोरचा रस्ताच दिसत असतो, मला गल्लीतून निघालेली सायकलही दिसते. घरीही माझा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवरच असतो. पोटऱ्या दुखतात गं. आणि तू पाहिला नाहीस म्हणून एक सांगते. त्याच्यासमोर मी कधी पाणी पीत नाही. पहिल्या दिवसापासून बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, उभ्याने पिते. हे तुझ्या कोशातल्या कुठल्या अर्थाखाली बसतं ते बघ.

वाक्य हवंय ना? सध्या बँकेतले एक साहेब गाडी शिकायला येतात. काल त्यांनी गाडी फुटपाथवर चढवली, मी ब्रेक दाबला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही माणसांशी इतक्या कडक का?" म्हटलं, "माणसांशी नाही हो, फुटपाथशी."

फोन करू नकोस. फोन त्याच्या उशाशी असतो. संत्र्याचं मला कळलंय हे त्याला कळायला नको. आपण मुंगीला वाचवलं, एवढं समाधान त्याला राहू दे.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

मी माझ्या भावाला जवळजवळ मारलं आणि त्याच हाताने तुला क्रूर ठरवलं. दुपारी ऑफिसात कुणीतरी संत्रं सोललं. तो वास नाकात गेला आणि मी खुर्ची सरकवून बाहेर गेले. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. शिपाईमामा विचारत होते, "ताई, चक्कर आली का?" मी मान हलवली.

तुझ्या बँकवाल्या साहेबांनी मला चांगलंच पकडलं. इंग्रजीत या विशेषणाच्या पुढे दोन वेगवेगळे छोटे शब्द येतात, माणसासाठी 'विथ', गोष्टीसाठी 'अबाउट'. अमक्याशी कडक असणं निराळं, अमक्या गोष्टीबाबत कडक असणं निराळं. मुलांचा हमखास घोळ होतो, म्हणून आम्ही त्याला अर्धा रकाना देतोय. तो रकाना मीच लिहिलाय, वहिनी. मुलांना समजेल असा सोपा करून लिहिला आणि घरी येऊन तुला पत्र लिहिलं की तू दादाशी कडक आहेस. तू पाण्याबाबत कडक होतीस. तेवढंसुद्धा मला दिसलं नाही.

शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओढून, आवळून बांधलेलं. म्हणजे कुणीतरी दोर धरून उभं असणारच. मी दोर पाहिला, हात पाहिले नाहीत. तुझं ते नळ सोडून पाणी पिणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता मी तुझ्या बाजूने. फोनवर तो लाडीगोडी लावेल, मी विरघळणार नाही. केळं नाही, टोमॅटो नाही, शहाळं नाही, संत्र्याचं तर नावसुद्धा नाही. सगळं पाठ केलंय. उद्या तू जरी ढिली पडलीस तरी मी ओरडेन, सांगून ठेवते.

लाज वाटते आहे. तरी सही करते.
मुंगी


२ एप्रिल

प्रिय मुंगी,

उत्तराला फार उशीर झाला. मधल्या दिवसांत इथे बरंच इकडचं तिकडे झालं. सगळंच लिहीत नाही.

तुझी दोन्ही पत्रं मी जपून ठेवली. लाज वगैरे पुरे झाली. माणसाने एकदा ओशाळावं, रोज ओशाळलं की त्याचा छंद होतो.

काल तुझ्या दादाला नदीवर नेलं. वाटेत मोकळं मैदान लागलं तर म्हणाला, "मला चालवू दे." लायसन्स कधीचं संपलंय. तरी बसवला त्याला चाकामागे, मी शेजारी. हळूहळू दोन फेऱ्या मारल्या. मला एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही. खाली उतरल्यावर ऐटीत म्हणाला, "बघ, तुझ्याकडे शिकलेल्यांपेक्षा बरी चालवतो." नदीकाठी बसून भरपूर बोलला. ही कुठून येते, कुठे वळते, दुसरी हिला कुठे येऊन मिळते. मी काही ऐकत नव्हते, त्याचा आवाज ऐकत होते.

परवा त्याने अख्खं केळं खाल्लं. बाटली आता टेबलावर नसते. तहान लागली की जगमधून ओतून घेतो. मशीनला आठवड्यातून एकदाच जातो, तिथे त्याला फार थकवा येतो. घरी असला की खिडकीशी बसतो. बरा असतो.

तू वाक्यं मागितली होतीस. त्या शब्दाचा आणखी एक अर्थ असेल ना, जराही गळती नसलेलं गुपित, तशातला? त्यासाठी हे घे. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये." खरंच बोललेलं आहे, रचलेलं नाही. कोण बोललं ते मात्र लिहू नकोस.

जेवत जा वेळेवर.
वहिनी


७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र परत परत वाचलं. मला वाटलं माझ्या वाचण्यात चूक झाली. केळं? अख्खं केळं? आणि जगमधून पाणी? तीनदाची मशीन आठवड्यातून एकदा, ती का, तर थकवा येतो म्हणून? आणि हे सगळं तू असं लिहितेस, जसं कुणी लिहावं की बाल्कनीत नवीन कुंडी आणली!

ते कबुतर फडफडल्याचं तूच लिहिलं होतंस ना? लाल सिग्नल तूच तोडला होतास ना? एका ग्लासासाठी मला जिन्यात कठडा धरून उभं राहायला लावलंस, आणि आता स्वतःच्या हाताने केळी सोलून देतेस?

मी तुझं पत्र उलटसुलट करून बघितलं, कुठे काही कारण सापडतं का. नाही सापडलं. मग एकच सुचतं. तू दमलीस. चार वर्षं धरलेला पाय भरून आला आणि तू तो ब्रेकवरून उचललास. अगं, दमतं माणूस. मी समजू शकते. पण मग मला सांगायचं होतंस. मी रजा काढली असती, त्याला माझ्याकडे आणलं असतं, मी त्याची बाटली भरली असती. गाडी उतारावर लावून, पाय काढून, खिडकीतून नदी बघत बसायचं, हे कुठलं प्रेम? याला काय म्हणतात ते मला कोशात शोधावं लागत नाही. तू त्याला मरू देतेस, वहिनी. तुझी सुटका व्हावी म्हणून.

लिहिलं. खोडणार नाही.

ताबडतोब कळव की त्याला तीनदा मशीनवर नेणं सुरू केलंस.

मुंगी


११ एप्रिल

मुंगी,

पत्र मिळालं. यावर मला काही लिहिता येत नाही. येत नाही म्हणजे येत नाही.

त्याला बरं आहे. सकाळी खिडकीशी बसून चहा प्यायला.

वहिनी


१४ एप्रिल

मुंगे,

अक्षर ओळखलंस का? आयुष्यभर फळ्यावर लिहून कमावलेलं वळण आता असं झालंय, जणू शाईच्या दौतीत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेली. तुझंच नाव सार्थ.

तुझ्या वहिनीच्या पर्समध्ये चष्मा शोधत होतो. चष्मा डोक्यावर होता. हाती लागलं तुझं सात तारखेचं पत्र. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मीच तुला शिकवलंय, आणि मीच वाचलं. वाचून झाल्यावर बराच वेळ मला कळेना की हे माझ्या बहिणीने लिहिलंय. तिला विचारलं, "तू याला उत्तर काय दिलंस?" म्हणाली, "चहा प्यायला असं कळवलं."

आता नीट बस. मागे बघू नकोस. सरळ सांगतो.

मशीन आता मला सोसत नाही. सुई लावली की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधार येतो, दोन दिवस मी कुणाच्या कामाचा राहत नाही, तोवर पुढची पाळी येते. हातातल्या शिरा संपल्या. हृदय आधीपासूनच रडतराऊत. डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं की इथून पुढे मशीन दिवस वाढवेल, पण ते सगळे दिवस मशीनच्याच खोलीत जातील. मी विचारलं, कमी केलं तर? बंद केलं तर? त्यांनी काही लपवलं नाही. त्यांच्याच सल्ल्याने आठवड्यातून एकदावर आलो. या महिन्याच्या अखेरीनंतर जाणार नाही. त्यानंतर फार दिवस नसतात. तुला कळतंय मी काय लिहितोय ते. पुन्हा लिहायला लावू नकोस.

ठरवलं मी. तिने नाही. तिने दोन आठवडे माझ्याशी भांडण केलं. भांडण म्हणजे ती नुसती बाटली घासत बसायची. त्यावरची लाल रेघ घासून घासून फिकी केली, पण पाणी रेघेपर्यंतच भरायची. मग एका सकाळी जग भरून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसून स्वतः ग्लासभर पाणी प्यायली. माझ्यासमोर. चार वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा मला कळलं की तिने मान्य केलं.

तुला सांगायचं नाही असं वचन मी घेतलं. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये" हे मी बोललो. का, ते तुला माहीत आहे. तू आली असतीस, पलंगाच्या दांडीला धरून रडली असतीस, आणि मी तुझ्यासाठी पुन्हा मशीनवर जाऊन पडलो असतो. तुझं रडणं मला कधीच बघवलं नाही, लहानपणी तुझी पाटी फुटली होती तेव्हापासून. तुला वाटतं तिने पाय उचलला. अगं, तू तिला खुनी म्हटलंस आणि ती वचन धरून बसली. एवढा घट्ट पाय मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

आणि संत्र्याचा अपराध मनातून काढून टाक. चार वर्षं याद्या पाठ करणाऱ्या माणसाला संत्र्यात काय असतं ते माहीत नसेल? तू ग्लास पुढे केलास आणि मला प्यावासा वाटला. वेडेपणा माझा.

तुला यावंसं वाटेल. लगेच निघू नकोस. जिला असं लिहिलंस, या घराचं दार तिचं आहे. आधी तिला लिही. ती ये म्हणाली तर ये. नाही म्हणाली तर मी मधे पडणार नाही, हे मी अगदी स्ट्रिक्टली सांगतोय. तुमच्या कोशाला वाक्य झालं.

मी घाबरलेलो नाही. रात्री थोडासा. दिवसा नाही.

तुझा,
दादा


१८ एप्रिल

वहिनी,

दादाचं पत्र आलं त्यानंतर मी फोन उचलला, नंबर लावला, तू "हॅलो" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. ती मी होते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काही वाटलंच नाही. भाजी निवडत होते, ती निवडून संपवली. निवडलेली टाकून दिली आणि देठं धुऊन ठेवली. ते लक्षात आल्यावर ओट्याजवळ खाली बसले. अजून मला वाटतं की तू पत्र पाठवशील आणि त्यात असेल, हे सगळं तुझ्या दादाचं नाटक होतं, तो तसाच आहे मेला.

मी तुला काय लिहिलं होतं ते मला तोंडपाठ आहे. तुझी सुटका व्हावी म्हणून, असं लिहिलं. आणि वर 'खोडणार नाही' असंही. आता खोडायचं म्हटलं तर कागद तुझ्याकडे आहे. माफ कर असं लिहायला गेले तर पेन थांबतं. चूक झाली की ती दुरुस्त करून छापणं हे माझं काम आहे, आणि हिला दुरुस्ती नाही.

केळं खाल्लं असं तू लिहिलंस, नदीवर गेलो असं लिहिलंस, मशीन एकदाच असंही लिहिलंस. सगळं तर लिहिलं होतंस गं. फक्त ते वाक्य सोडून, जे लिहायची तुला मनाई होती. माझं पोट शब्दांचे अर्थ लावण्यावर भरतं, आणि माझ्या घरातलं हे एवढं पत्र मला लावता आलं नाही. नियम सुटला म्हणजे प्रेम सुटलं असं मी धरून चालले. पण तू बाटली उचलून ठेवलीस, तीही त्याच हाताने, ज्या हाताने ग्लास काढून घेतला होतास.

काल सरांनी नोंद परत दिली. त्यांनी विचारलं, गुपिताच्या अर्थाखाली वाक्य आहे, बोलणाऱ्याची जागा का कोरी? म्हटलं, राहू दे सर. आणि शेवटी मी विरुद्धार्थी म्हणून 'सैल' आणि 'ढिला' लिहिलं होतं, ते मला ठेववेनात. सर म्हणाले, "अहो, कोश आहे, मुलांना परीक्षेत लागतं." तेव्हा ठेवले. पण ते खरे नाहीत. तुला सांगते फक्त.

वहिनी, मी रडणार नाही असं वचन देत नाही, ते मोडेल. त्याला मशीनवर परत जा म्हणणार नाही, एवढं वचन देते. पलंगाची दांडी धरणार नाही. तो बोलेल ते ऐकेन. त्याच्या नद्या ऐकेन. तू म्हणशील त्या खोलीत, म्हणशील तितकाच वेळ.

येऊ का?

नाही म्हणालीस तर मला समजेल. पण लवकर कळव. तारखा तू जाणतेस.

मुंगी


२२ एप्रिल

मुंगी,

फोनवर तू होतीस हे कळलं होतं. तुझ्या घरातलं घड्याळ टिकटिकतं, ते ऐकू आलं. मीही लगेच ठेवला नव्हता.

तुझं ते वाक्य मी विसरणार नाही. माफ केलं असंही लिहीत नाही, कारण अजून केलेलं नाही. ते नंतर बघू. तू आणि मी नंतरही असणार आहोत, वेळ आहे. त्याला नाही. हे मी पहिल्यांदाच कागदावर लिहितेय, आणि लिहिल्यावर उठून घरभर फिरून आले. माझे मलाच ते शब्द ओळखू येत नाहीत. चार वर्षं मी त्याला घोटाघोटाने मोजून जगवलं. आता तो मागेल ते देते आणि प्रत्येक वेळी माझा पाय आपोआप खाली दाबला जातो. टेबलाखाली, रिकाम्या हवेत. काल त्याने पाहिलं. म्हणाला, "गाडी थांबलीय, ब्रेकबाई. उतरा आता." मी हसले. त्याच्यासमोर हसता येतं अजून.

तर, ये. मिळेल त्या गाडीने ये. तुझं अंथरूण त्याच्याच खोलीत घातलंय, खिडकीच्या बाजूला. रडू आलं तर रड. रडायला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची गरज नाही. या घरात ते आता बंद.

बाटलीवरची रेघ काढायला बसले होते. थोडी राहतेच. राहू दे म्हटलं.

आणि येताना संत्री आण. हवी तेवढी आण. पण गोड बघून घे. मागच्या वेळची आंबट होती, असं तो तुझं पत्र हाती लागल्यापासून सांगतोय. तुला वाईट वाटेल म्हणून कळवू नको, असं मीच त्याला बजावलं होतं.

वाट बघतो आहोत, दोघंही.

वहिनी